अकरा घरांचा मासा

आबा परदेशात, आमच्या कार्लो गावी, आले त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी बॅरो नदीला वाकून नमस्कार केला आणि चौथ्या दिवसापासून तिला नावं ठेवायला सुरुवात केली. पाणी काळं आहे, काठ नको तितका नीटनेटका आहे, एवढ्या पाण्यात एक होडी दिसत नाही, आणि काठावर बसलेली माणसं मासा धरतात आणि परत पाण्यात सोडून देतात, म्हणजे यांना घरी जेवायला कोणी विचारत नाही की काय. हे सगळं त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात बसून एका दमात ऐकवलं. त्यांना घ्यायला आलेला संतोष दारातच थांबून ऐकत होता. बाप कुरकुरतोय याचा एवढा आनंद झालेला मुलगा मी तरी दुसरा पाहिला नाही.

संतोष नगरे माझा शेजारी. त्याच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. आम्ही दोघं गावाबाहेरच्या औषधांच्या कारखान्यात काम करतो. तो यंत्रं सांभाळतो, मी कागद तपासते. आबा त्याचे वडील. इंदापूर तालुक्यातले, भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्याच्या काठचे, भोई. सत्तरी ओलांडलेली, अंगानं वाळलेले, पण हात मात्र दुसऱ्याच कुणा मोठ्या माणसाचे आणून लावल्यासारखे. आदल्या वर्षी काकू, म्हणजे संतोषची आई, गेल्या आणि त्या दिवसापासून आबा पाण्यात उतरले नव्हते. होडी बाभळीखाली उलटी घातली होती, जाळी आढ्याला. भोयांच्या घरात बाप्यानं धरायचं आणि बाईनं बाजारात बसून विकायचं, अशी वाटणी. कुणी विचारलं, की आबा एवढंच म्हणत, "धरीन, पर इकणार कोन?" संतोषनं तीन महिन्यांसाठी त्यांना इथं आणलं ते हवापालट म्हणून, पण खरी भीती त्यानं मला आधीच सांगून ठेवली होती. बापानं पाणी सोडलं, आता तो नुसता बसून बसून संपणार.

सुटकेस उघडली तेव्हा टॉवेलात गुंडाळलेली, लाकडी रिळावरची गळाची दोरी निघाली. पाण्यात न उतरणाऱ्या माणसानं ती का आणली, हे संतोषनं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. कधी नव्हे ते मी गप्प राहिले, याचं मला अजून कौतुक वाटतं.

मी सदाशिव पेठेतली. आमच्या घरात माशाचं नावसुद्धा जेवणाच्या वेळी काढत नसत. पण शुक्रवारी मी घरून काम करायची, संतोषला सुट्टी मिळायची नाही, आणि आबांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तेव्हा नदीवर त्यांच्याबरोबर जायचं काम ओघानंच माझ्याकडे आलं. आमच्या वसाहतीपासून काठावरची पायवाट चालत दहा मिनिटांवर. आबांचा वेश असा: धोतर, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कानटोपी, आणि वर संतोषचं कारखान्यातलं भगभगीत पिवळं जाकीट. पहिल्या आठवड्यात दोन बायकांनी त्यांना नगरपालिकेचा माणूस समजून पायवाटेवरच्या खड्ड्याची तक्रार सांगितली. आबांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि गंभीरपणे मान डोलावली.

त्यांच्या सवयी मला हळूहळू कळत गेल्या. काठावर पोचलं की आधी ओंजळभर पाणी उचलून वास घ्यायचा. मग अर्धा तास काहीच करायचं नाही. निघताना नदीकडे पाठ करायची नाही. चार पावलं मागं मागं चालायचं, मग वळायचं. मी एकदा घड्याळ बघितलं तर म्हणाले, "लेकी, पान्याला घाई दिसती." हे वाक्य त्यांचं नेहमीचं. मी जिना धडधडत उतरले तरी, कुकरची शिट्टी व्हायच्या आत झाकण काढायला गेले तरी, तेच. कामाच्या मीटिंगांत मी अजून मनातल्या मनात ते म्हणते.

तो अर्धा तास ते काय बघत, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी शिकवायचा प्रयत्न केला. बारीक मासळी कुठं खेळते, कुठून अचानक फुटून पळते, धार कुठं काठाला घासते आणि कुठं मागं फिरते. पडलेल्या झाडामागं, पाणवेलीच्या कडेला, जिथं पाणी दमून थांबतं तिथं मोठा मासा दबा धरतो. भीमेत मरळ असाच बसतो. इथं मरळ नव्हता, पाइक होता. लांबोडा, हिरवट, बदकासारख्या चपट्या तोंडाचा, आणि त्या तोंडात सुयांसारखे दात. आबांनी तो तेव्हा पाहिलेलाही नव्हता. मग एका शुक्रवारी आबांनी ती सुटकेसमधली दोरी बरोबर आणली आणि पाण्यात टाकली. पहिल्यांदा गळाला लागला तो दोरी कातरून गेला. आबांनी तुटलेलं टोक बोटांवर फिरवलं, जिभेला लावून पाहिलं, आणि दात कसे असतील ते मला बिनचूक सांगितलं. घरी येऊन त्यांनी संतोषच्या प्रेसमधून, म्हणजे इथल्या बोलीतल्या कपाटातून, फोटो टांगायची तार काढली आणि गळाच्या वर वीतभर जोडली.

आता माझा गुन्हा. मासे धरायला लायसन्स लागतं का, हे मी बघायचं ठरलं होतं. पाइकला लागत नाही, असं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. मी तिथंच थांबले. माझं पोट ज्या कामावर चालतं ते काम म्हणजे सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं. पण त्या दिवशी मला वाटलं, मासेच तर आहेत.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी मी मीटिंगमध्ये अडकले म्हणून आबा एकटे गेले. अकराच्या सुमारास मी खिडकीतून पाहिलं तर वसाहतीच्या रस्त्यानं ते पिवळं जाकीट येत होतं. खांद्यावर विलोच्या झाडाची फांदी, आणि फांदीला कल्ल्यातून ओवलेला मासा. त्याची शेपटी आबांच्या पोटरीला लागत होती. मी मीटिंगमधल्या लोकांना, नेट जातंय, असं खोटं सांगून खाली धावले. आबांचं धोतर कमरेपर्यंत भिजलेलं, ओठ निळे पडलेले, आणि चेहरा उजळलेला. एका वर्षात पहिल्यांदा त्या माणसानं काही धरलं होतं.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गल्लीत घरं किती. तुमचं सोडून अकरा, मी म्हटलं. मग त्यांनी मला समजावलं. त्यांच्या घरात हंगामाचा पहिला मासा विकत नाहीत, घरातही ठेवत नाहीत. आळीत वाटतात. एकही दार चुकवायचं नाही, भांडण असलं तरी. हे काम काकूंचं होतं, पन्नास वर्षं. आबा मासा दारात टाकून झोपायला जात, आणि उठत तेव्हा वाटून झालेलं असे.

मागच्या अंगणात, कचऱ्याच्या हिरव्या डब्याशेजारी, त्यांनी तो मासा कापला. पोटात अंड्यांची गाभोळी निघाली, पिवळी, हाताच्या लांबीची. ती बघून आबांचा हात थोडा थांबला. तुकडे मोजून अकरा वाटे झाले, फॉइलमध्ये बांधले, आणि आम्ही निघालो. मी, जिनं जन्मात मासळीला बोट लावलं नाही ती, ट्रे धरून पुढं, आणि आबा मागं. प्रत्येक दारात ते स्वतः वाटा उचलून दोन्ही हातांनी देत आणि मान खाली घालत. लोक आधी गांगरायचे, मग हसायचे. इथले लोक पाइक खात नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. फक्त समोरच्या पोलिश बाईनं फॉइल उघडून वास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या आजीकडे सणाला हाच मासा करत म्हणे. आबांना तिची भाषा कळली नाही, पण तिचं सगळं कळलं.

त्याच बाईनं प्रेमानं त्या अख्ख्या माशाचा फोटो, जो कापायच्या आधी काढून मीच तिला पाठवला होता, गल्लीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी संतोषच्या दारात डोनल उभा होता.

डोनल निवृत्त पोस्टमन, गावातल्या मासेमारांच्या छोट्याशा मंडळाचा सेक्रेटरी. उंच, वाकलेला, हळू बोलणारा. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फोटो दाखवून विचारलं, 'युअर मॅन', म्हणजे इथल्या बोलीत 'तो गृहस्थ', हाच का. मग आवाज ऐकून बाहेर आलेल्या मला तो नियम सांगितला जो मी वाचला नव्हता. हातभर लांबीच्या वरचा पाइक मारायचा नाही, परत सोडायचा. आणि मग म्हणाला, की ही मादी होती आणि तिला तो ओळखत होता. जबड्याच्या डाव्या बाजूला जुनी जखम होती. त्यानं स्वतः तिला दोनदा धरून सोडलं होतं. पंधरा वर्षांची तरी असेल. कुठं तक्रार करणार नाही, पण पुन्हा होऊ देऊ नका. एवढं बोलून तो निघून गेला.

संतोष पांढराफटक पडला होता. त्याचा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा सरकारदरबारी पडून होता, आणि एका माशापायी सगळं बुडणार अशी त्याची खात्री झाली. मी त्याला सांगून पाहिलं, की चूक माझी आहे, माणूस तक्रार करणार नाही म्हणालाय. पण त्याचं दुखणं तेवढंच नव्हतं. कारखान्यात कुणी विचारलं तर तो वडील 'फिशरीजमध्ये' होते असं सांगायचा. आणि आता बाप अकरा दारांत मासळीचे वाटे घेऊन फिरला होता. तो आबांना नको ते बोलला. गळाची दोरी त्यानं गाडीच्या डिकीत टाकून कुलूप लावलं. आबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, ते बसूनच राहिले. भिंतीपलीकडून मला चार दिवस त्यांचा आवाज आला नाही. मला इतकी शरम क्वचितच वाटली आहे.

पाचव्या दिवशी त्यांनी माझ्या दारावर थाप मारली. कानटोपी, जाकीट, सगळं घातलेलं. मास्तरांकडे चल म्हणाले. डोनलला ते पहिल्यापासून मास्तर म्हणत. का, ते त्यांनाच ठाऊक. मी डोनलचं घर शोधून काढलं. आबांनी मला त्याला विचारायला लावलं ते एकच: ती राहायची कुठं. डोनलनं माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि कोट चढवला. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला एक विलो पाण्यात आडवा झाला होता. त्याच्या मुळांशी, म्हणाला. आबांनी तिथं उभं राहून हात जोडले. मग मला म्हणाले, की आपल्याकडेही अंड्यावरच्या मासळीला पावसाच्या तोंडाला कुणी हात लावत नसे. त्यांच्या बापानं त्यांना तेवढ्यासाठी एकदा झोडपलं होतं. परका मासा, परका हंगाम, त्यांना वाटलं इथं तसं नसेल. पण गाभोळी दिसली तेव्हाच मन खात होतं.

"मास्तरला सांग," ते म्हणाले, "म्या पन्नास वरसं नुसतं धरलं. मला सोडाय शिकव."

मी भाषांतर केलं. डोनलनं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली, आणि शनिवारी सकाळी आठ वाजता या म्हणाला.

पुढचे पाच-सहा शनिवार मी काठावर बसून जे पाहिलं ते मला कुठल्या शाळेत पाहायला मिळालं नसतं. डोनल शिकवायचा: हात आधी ओले करायचे, मासा ओल्या गादीवर आडवा ठेवायचा, कल्ल्याला लटकवायचा नाही, लांब चिमट्यानं गळ काढायचा, आणि हे सगळं एका श्वासात. मग पाण्यात, तोंड धारेकडे करून, पोटाखाली हात धरून थांबायचं. ढकलायचा नाही. तो स्वतःहून जाईपर्यंत थांबायचं. आबा हे सगळं चौथीतल्या मुलाच्या निष्ठेनं करत. चिमटा त्यांनी दुसऱ्या शनिवारीच परत दिला. त्यांची बोटं त्याहून बारीक चालायची. आणि बदल्यात ते मास्तरांना शिकवत होते, भाषेशिवाय. डोनलकडे दोन रॉड (त्यातला एक त्यानं आबांना दिला होता), खोकाभर चकचकीत आमिषं आणि पाण्याखालचं दाखवणारं एक यंत्र होतं. एका शनिवारी तीन तास काही लागेना. आबांनी त्याच्या हातातलं यंत्र काढून घेतलं, खोक्यात ठेवलं, त्याला खांदे धरून खाली बसवलं, आणि अर्धा तास बोलू दिलं नाही. मग एका ठिकाणी बोट दाखवलं, जिथं मला तर नुसतं पाणीच दिसत होतं. डोनलनं गळाला मेलेला बांगडा लावून तिथं टाकला. दोरीवरचं तरंगतं बूच बुडायला वेळ लागला नाही. त्यानंतर डोनलचं ते यंत्र मी पुन्हा पाहिलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी, विमानाच्या दोन दिवस आधी, आबांचा शेवटचा शनिवार आला. गवत दहिवरानं पांढरं झालं होतं. त्या दिवशी संतोषही आला. कुणी बोलावलं नव्हतं. डिकीतली दोरी काढून त्यानं बापाच्या हातात दिली आणि मागं जाऊन उभा राहिला. नुसत्या दोरीनं मासा धरणं इथल्या नियमात बसत नाही, पण डोनलनं दोरीकडे पाहिलं आणि त्याला काही दिसलंच नाही असं केलं. दुपारच्या आत आबांना पाइक लागला. पहिल्याइतका नव्हे, पण मोठा, आणि पोट बघून आबा म्हणाले मादी आहे. गळ काढला, पाण्यात उतरवली. पण ती जाईना. थंडीनं म्हणा, दमून म्हणा, कल्ले हलत होते आणि ती तशीच त्यांच्या हातांत पडून होती.

आबा काठावर गुडघे टेकून बसले होते, हात कोपरापर्यंत बर्फासारख्या पाण्यात. डोनल म्हणाला, वेळ द्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. हात निळे पडायला लागले तसं संतोषला राहवेना. त्यानं खाली बसून सांगितलं, की आबा, सोडा आता, हात जातील. आबांनी त्याच्याकडे न बघता मान हलवली. घाई दिसेल तिला, म्हणाले. मग संतोषनं जाकिटाच्या बाह्या सरकवल्या आणि बापाच्या हातांखाली आपले हात घातले. तो पाण्यात हात घालतोय हे मी पहिल्यांदाच बघत होते. त्या दोघांच्या चार हातांवरून ती एकदा शेपटी हलवून निघाली, आणि विलोच्या दिशेनं दिसेनाशी झाली.

आबांनी हात लगेच बाहेर काढले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "संत्या, होडी उलथी पडलीया. डांबर लावाय पायजे." संतोषनं तोंड नदीकडे फिरवलं. डोनलनं मला विचारलं, काय म्हणाले. मी सांगितलं. ग्रँड, तो म्हणाला, आणि थर्मासमधला चहा आबांच्या दोन्ही हातांत दिला. निघताना आबा नेहमीसारखे चार पावलं मागं मागं चालले. त्या दिवशी त्यांच्याबरोबर संतोषही चालला.

पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा बोलावलं तेव्हा आबा नाही म्हणाले. बाजार मोडतो, म्हणाले. कसला बाजार ते आम्हाला कळेना. मग संतोषच्या चुलतभावानं एक व्हिडिओ पाठवला. तो संतोषनं आधी मला दाखवला, आणि मग कँटीनमध्ये आमच्या टेबलावरच्या सगळ्यांना. "माझे वडील," तो म्हणाला. "मासे धरतात आणि विकतात."

त्यात मासळीबाजार आहे. जमिनीवर बायकांची रांग बसली आहे, प्रत्येकीपुढं पाटी आणि कोयता. त्या बायकांनी काकूंची जागा त्या गेल्यापासून कुणाला बसू दिली नव्हती. रोज झाडून रिकामी ठेवायच्या. त्या जागेवर आबा बसले आहेत, धोतर, टोपी, अंगावर संतोषचं पिवळं जाकीट. पाटीत लहान-मध्यम मासळी आहे. मोठ्या, अंड्यावरच्या त्यांनी सोडल्या असणार, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. त्यांना ओरडून विकता येत नाही, म्हणून शेजारची बाई स्वतःच्या मालाबरोबर त्यांचाही पुकारा करते आहे. एक गिऱ्हाईक येतं, पिशवी पुढं करतं. आबा घाई करत नाहीत. मासा उचलतात, दोन्ही हातांनी, मान खाली घालून, आणि पिशवीत सोडतात.